रील्समधली 'प्रिसिजन रायफल' धाराशिवच्या पोराला घेता येते का? कोणती, किती अंतरासाठी आणि कोणत्या परवान्यावर, समजून घ्या

तुळजापूर तालुक्यातल्या माझ्या चुलतभावाचा मुलगा यंदा दहावीत आहे. गेले दोन महिने तो मला एकाच प्रकारचे रील्स पाठवतोय. काळ्या रंगाची लांबलचक रायफल, खाली दोन पायांचा स्टँड, वर हातभर दुर्बीण आणि हजार मीटरवरच्या लोखंडी पत्र्यावर 'टण्ण'! सोबत प्रश्न: 'काका, टिक्का चांगली का बर्गारा?'

परवा त्याच्या वडिलांचाच फोन आला. 'सोयाबीनचे पैसे आलेत. पोरगं ऐकंना गेलंय, नेमबाजी करायची म्हणतंय. तू इंजिनिअर हायेस, कोणती बंदूक घ्यायची तेवढं सांग.'

१ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक जिंकलं. तेव्हापासून हा प्रश्न फक्त आमच्या घरातला राहिलेला नाही. चुलतभावाला फोनवर जे तुकड्यातुकड्यात सांगितलं, ते इथे सविस्तर देतोय.

'फॅक्टरी प्रिसिजन रायफल' म्हणजे नेमकं काय?

पूर्वी लांब पल्ल्याच्या अचूक नेमबाजीसाठी रायफल बनवून घ्यावी लागायची. एका ठिकाणची नळी, दुसऱ्याचा लाकडी दस्ता आणि हे सगळं जुळवणारा कसबी कारागीर. संगणकावर चालणाऱ्या सीएनसी यंत्रांमुळे हे चित्र पालटलं. जी अचूकता पूर्वी हातकामातून यायची, तिच्या जवळपास जाणारी रायफल आता थेट कारखान्यातून खोक्यात बंद होऊन येते. तिलाच 'फॅक्टरी प्रिसिजन' म्हणतात.

रील्समध्ये दिसतात ती नावं ठरलेली आहेत. फिनलंडची टिक्का टी-थ्री-एक्स, स्पेनची बर्गारा बी-१४, अमेरिकेची २०१५ साली आलेली रुगर प्रिसिजन रायफल, सॅव्हेजची ११० मालिका. या सगळ्यांची आजी म्हणावी अशी रेमिंग्टन ७०० ही १९६२ पासून बाजारात आहे आणि अमेरिकी लष्कराच्या स्नायपर रायफली तिच्यावरूनच घडल्या.

कंपन्या जाहिरातीत मुख्यतः एकच आकडा पुढे करतात: 'सब-एमओए'. एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग. १०० मीटरवर तो साधारण २.९ सेंटीमीटर भरतो, ३०० मीटरवर ८.७ आणि १००० मीटरवर २९ सेंटीमीटर. 'सब-एमओए' म्हणजे १०० मीटरवर झाडलेल्या गोळ्यांची भोकं एकमेकांपासून २.९ सेंटीमीटरच्या आत.

हा दावा किती खरा?

खरा असतो, पण अर्धा. टिक्का आणि बर्गारा या दोघांची हमी तीन गोळ्यांच्या गटाची आहे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला स्टॅटिस्टिक्सचा पेपर दिलेल्या कुणालाही इथे गोम दिसेल. तीन नमुन्यांवरून पसारा ठरवला तर तो नेहमी कमीच दिसतो. त्याच रायफलीतून, त्याच हाताने, त्याच गोळ्या दहा वेळा झाडल्या तर गट सरासरी दीडपटीहून थोडा जास्तच फाकतो. म्हणजे तीन गोळ्यांत १ एमओए देणारी रायफल दहा गोळ्यांत साधारण १.६ एमओएवर जाते. रायफल बिघडलेली नसते, आपण मोजायला कमी पडलेलो असतो.

म्हणून दोन फॅक्टरी रायफलींची तुलना करताना तीन गोळ्यांचे फोटो बाजूला ठेवा. दहा गोळ्यांचे किमान दोन-तीन गट बघा, आणि ते कोणत्या काडतुसाने मारलेत तेही बघा. टिक्का आणि बर्गारा यांच्यातला फरक बहुतेक वेळा काडतुसाचा एक प्रकार बदलल्याने पडणाऱ्या फरकापेक्षा लहान असतो. मग निवड उरते ती चाप किती स्वच्छ सुटतो, दस्ता शरीराला बसतो का आणि नळी झिजल्यावर बदलून मिळते का यावर. नळीचं आयुष्य हा छुपा खर्च आहे. .३०८ विंचेस्टरसारख्या सौम्य काडतुसात ती काही हजार गोळ्या अचूक राहते, तापट काडतुसात त्याच्या निम्म्यातही थकते.

हजार मीटरवर तर रायफल हा प्रश्नाचा छोटा भाग उरतो. १०० मीटरला जुळवलेल्या .३०८ ची गोळी तिथवर पोचेपर्यंत दहा-बारा मीटर खाली येते आणि दीड सेकंदाहून जास्त वेळ हवेत असते. तेवढ्या वेळात वारा तिचं काय करेल हे कुठलीही कंपनी खोक्यावर छापत नाही.

ठीक आहे, पण ही रायफल आपल्याकडे मिळते का?

इथे रील संपतं आणि कायदा सुरू होतो.

जगभर लांब पल्ल्याच्या सरावाचं सगळ्यात रुळलेलं काडतूस म्हणजे हेच .३०८ विंचेस्टर. ते १९५२ साली आलं आणि लष्करी ७.६२ मिमी काडतुसाचं जवळचं भावंड आहे. भारतात शस्त्र नियम २०१६ नुसार .३०३ किंवा ७.६२ मिमीचं लष्करी काडतूस ज्या रायफलीत बसू शकतं, ती निर्बंधित वर्गात मोडते. तिचा परवाना जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळत नाही, विषय थेट केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो.

मग २००७ मध्ये आलेलं ६.५ क्रीडमूर घ्यावं? ते लष्करी काडतुसांच्या यादीत नाही, पण अडचण आयातीची आहे. सामान्य परवानाधारकाला परदेशी बंदूक मागवता येत नाही. ती सवलत प्रामुख्याने खेळाडूंसाठी आहे. राष्ट्रीय स्पर्धेत ठरलेले पात्रता गुण मिळवून 'रिनाउन्ड शॉट' हा दर्जा मिळवावा लागतो आणि त्यानंतर नॅशनल रायफल असोसिएशनमार्फत कागदपत्रं फिरतात. थोडक्यात, आधी नेमबाज व्हायचं, मग रायफल. आमच्या पुतण्याला हा क्रम उलटा वाटत होता.

जो परवाना जिल्ह्यातून मिळतो, त्यासाठीही वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात. अर्ज ऑनलाइन पोर्टलवर भरायचा, पोलीस पडताळणी होते, मग जिल्हाधिकाऱ्यांची सही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत ५ वर्षं झाली आणि एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात. नामवंत नेमबाजांना या मर्यादेत वेगळी सूट आहे.

देशात बनणारी .३१५ स्पोर्टिंग रायफल मात्र अनेक गावांत माहीत आहे. ती इशापूरच्या सरकारी कारखान्याची. रानडुकरांनी पीक उद्ध्वस्त केल्यावर 'पीक संरक्षणासाठी परवाना मिळेल का' असं जे विचारलं जातं, ते बहुधा हीच नजरेसमोर ठेवून. दणकट आहे, पण तिला प्रिसिजन टार्गेट रायफल समजून घेऊ नका. खऱ्या अर्थाने लांब पल्ल्याची रायफल भारतात बनतच नाही असंही नाही. बेंगळुरूच्या एसएसएस डिफेन्सने .३३८ लापुआ मॅग्नमची 'सेबर' बनवली आहे, मात्र ती सुरक्षा दलांसाठी.

मग आपल्याकडे 'लांब पल्ला' म्हणजे किती?

(लांब पल्ल्याशी आपल्या जिल्ह्याचं नातं जुनं आहे. विजापूरची प्रसिद्ध मलिक-ए-मैदान तोफ तिथे जाण्याआधी परंड्याच्या किल्ल्यावर होती. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली, साधारण ५५ टनांची. पण ते असो.)

रायफल नेमबाजीत आंतरराष्ट्रीय महासंघाची तीन अंतरं आहेत: १०, ५० आणि ३०० मीटर. १० मीटरला हवेच्या दाबावर चालणारी एअर रायफल, ५० मीटरला .२२ आणि ३०० मीटरला 'बिग बोअर' म्हणजे मोठ्या काडतुसाची रायफल. ऑलिम्पिकमध्ये फक्त पहिली दोन. ३०० मीटरचा सराव करायला जागाच मोजक्या आहेत आणि त्यातल्या महत्त्वाच्या लष्कराच्या हातात. महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटचं नाव तिथेच ऐकू येतं.

आता एक गंमत. ३०० मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ १० सेंटीमीटर व्यासाचं असतं. कोनात मोजलं तर साधारण १.१५ एमओए. ५० मीटरवर तेच वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे सुमारे ०.७ एमओए. आणि १० मीटरवर दहा गुण म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका! गोळीची कड वर्तुळाला शिवली तरी गुण मिळतात हे धरूनही, अंतर कमी म्हणजे सोपं हा समज इथे मोडतो. रीलमधल्या रायफलीची 'सब-एमओए' हमी ५० मीटरच्या स्पर्धेत अपुरी पडेल.

स्वप्नीलचं पदक ५० मीटर थ्री पोझिशन्समधलं आहे. गुडघ्यावर, पोटावर झोपून आणि उभं राहून अशा तीन अवस्था. पात्रता फेरीत तो ५९० गुणांसह सातवा होता, अंतिम फेरीत ४५१.४ गुण मिळवून तिसरा आला. त्याच्या आधी २०१० मध्ये कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेतेपद मिळवलं होतं. त्यामुळे 'महाराष्ट्रातल्या नेमबाजाने कोणती फॅक्टरी रायफल निवडावी' या प्रश्नाचं खरं मैदान ५० मीटर हेच आहे.

.२२ मध्ये निवड कशी करतात?

नावं पुन्हा मोजकी. जर्मनीतल्या उल्मची अॅन्शुट्झ (कंपनी १८५६ पासूनची), वॉल्थरची केके ५००, ओबेर्नडॉर्फच्या फाइनवेर्कबाऊची २८००. त्यावर स्वित्झर्लंडच्या ब्लायकर आणि ग्रुनिग अँड एल्मिगर. या सगळ्या कारखान्यातूनच येतात आणि सगळ्या इतक्या अचूक असतात की नवख्या माणसाच्या हातात त्यांच्यातला फरक दिसणारच नाही. किंमत काही लाखांत जाते, त्यावर आयातीचा व्याप.

मग काय बघायचं? गोळी. .२२ ची नळी आणि गोळी यांची जोडी लग्नासारखी आहे, पत्रिका जुळेलच असं नाही. एलीची टेनेक्स, आरडब्ल्यूएसची आर-५०, लापुआची एक्स-अॅक्ट या वरच्या दर्जाच्या गोळ्या. पण एकाच कंपनीच्या एकाच प्रकाराचे दोन लॉटसुद्धा एकाच नळीतून वेगळे गट देतात. म्हणून मोठे नेमबाज रायफल शिकंजात पकडून लॉटमागून लॉट तपासतात आणि जुळलेला लॉट एकदम मोठ्या संख्येने उचलतात. मध्यम रायफल आणि जुळलेली गोळी ही जोडी महागड्या रायफलीला आणि न जुळलेल्या गोळीला हरवते.

या गोळ्या मुद्दाम ध्वनीच्या वेगापेक्षा हळू ठेवलेल्या असतात, सेकंदाला साधारण ३२०-३३० मीटर. ध्वनीची सीमा ओलांडून परत खाली येताना गोळी डळमळते, ते टाळायला. हळू असल्यामुळे वारा तिला जास्त ढकलतो. ढोबळ हिशेब केला तर सेकंदाला १ मीटर वेगाची आडवी झुळूक, म्हणजे गालाला जेमतेम जाणवेल एवढी, ५० मीटरवर गोळी ६-७ मिलिमीटर सरकवते. गोळीची कड धरली तरी दहाच्या वर्तुळात तुम्हाला केंद्रापासून मुभा ८ मिलिमीटरची. नेम अगदी मधोमध असला तरी एका झुळकीने बहुतेक सगळी खाऊन टाकली! भूम-वाशीच्या माळावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. तिथल्या पोराला वारा वाचायला शिकवावं लागणार नाही असं मला आपलं वाटतं.

तिसरी गोष्ट शरीराशी मेळ. गालाचा टेका, खांद्याची पट्टी, दस्त्याची लांबी हे सगळं किती सरकतं हे बघा. दहावीतलं पोर दोन वर्षांत हातभर वाढतं. न सरकणारा देखणा लाकडी दस्ता त्याच्यासाठी बिनकामाचा.

सुरुवात कुठून करायची? पैसे कशावर घालायचे?

एअर रायफलवर. ४.५ मिमी (.१७७) पर्यंतची आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेची एअर रायफल शस्त्र परवान्यातून सुटलेली आहे. १० मीटरच्या स्पर्धेची रायफल ७-८ ज्यूलच्या आसपास असते, म्हणजे मर्यादेच्या खूप आत. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे तिचं वजन ५.५ किलोपेक्षा जास्त चालत नाही. तरी पावती आणि ओळखपत्र सोबत ठेवाच. आणि परवाना नाही म्हणजे खेळणं नाही. शेतात चिमण्या-पारव्यांवर चालवली तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आहे आणि छर्रा माणसाच्या डोळ्यात गेला तर पुढचं सांगायला नको.

वरच्या फळीत वॉल्थर एलजी ४०० आणि ५००, फाइनवेर्कबाऊ ८००, अॅन्शुट्झ ९०१५, स्टायर, पार्दिनी अशी परदेशी नावं दिसतील. यातली नवी रायफल म्हणजे लाखांची गोष्ट. देशी पर्यायही आहे. मुंबई परिसरातली प्रिसिहोल ही कंपनी एअर रायफली बनवते. तिची पाळंमुळं धातूत खोल, सरळ भोक पाडणाऱ्या यंत्रांच्या धंद्यात आहेत. माझ्यासारख्या मेकॅनिकलवाल्याला हे वाचून बरं वाटलं, कारण नळी म्हणजे शेवटी एक लांब, सरळ भोकच.

जुनी घ्यायची असेल तर एक गोष्ट हमखास तपासा: हवेच्या सिलिंडरवर कोरलेली तारीख. कंपन्या सिलिंडरला साधारण १० वर्षांची मुदत देतात. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि २०० बारच्या पुढचा दाब असलेली जुनी नळकांडी घरात ठेवणं शहाणपणाचंही नाही. मी कॉलेजात असताना मित्राबरोबर अशीच एक जुनी रायफल बघायला गेलो होतो. विकणारा दस्त्याची पॉलिश दाखवत राहिला, तारीख विचारल्यावर चहा मागवला. सिलिंडर चार वर्षांपूर्वीच बाद झालेला निघाला.

सिलिंडर भरायचा कसा, हा गावाकडचा खरा प्रश्न. सायकलचा पंप चालत नाही. उच्च दाबाचा हातपंप किंवा मोठी टाकी लागते. तो खर्च रायफलीबरोबरच धरा. छर्रे, जाड जाकीट, विजार, बूट हेही त्यात आले. कमरेला आधार देणारं जाकीट मापाचं नसेल तर भारी रायफल घेऊनही पाठ दुखेल, गुण वाढणार नाहीत.

आणि काही न घेताही बरंच करता येतं. रायफल रिकामी, समोर भिंतीवर ठिपका, रोज अर्धा तास नुसतं धरून उभं राहायचं आणि चाप सोडायचा. याला कोरडा सराव म्हणतात. यात माशी हलते कधी आणि श्वास थांबतो कुठे हे कळतं. एक छर्राही खर्च होत नाही.

धाराशिवमधून हे जमेल का?

सरळ सांगायचं तर जिल्ह्याची ओळख खो-खोची आहे. सारिका काळेला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला तो याच मातीतून. नेमबाजीसाठी नाव असलेली केंद्रं दूर आहेत. पुण्याची बालेवाडी, कोल्हापूरची दुधाळी, नाशिकची भोसला मिलिटरी स्कूल, मुंबईत वरळी. पुणे धाराशिवहून अडीचशे किलोमीटरच्या घरात.

पण १० मीटरला फार मोठी जागा लागत नाही. बंद हॉल, मागे छर्रा थोपवणारी पक्की भिंत किंवा पेटी, नीट उजेड आणि नियम कडक पाळणारा प्रशिक्षक. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड. प्रशिक्षक नसेल तर घरी रायफल आणू नका, हे मी पुतण्याला जवळजवळ ओरडून सांगितलं.

स्वप्नीलचाही रस्ता रायफल विकत घेण्यापासून सुरू झालेला नव्हता. वडील शिक्षक. २००९ मध्ये त्यांनी त्याला राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत घातलं, नेमबाजी तिथे हातात आली. पुढे रेल्वेत तिकीट तपासनीसाची नोकरी मिळाली आणि दीपाली देशपांडे यांच्यासारखी, स्वतः ऑलिम्पिक खेळलेली प्रशिक्षक. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात प्रबोधिनीच्या निवड चाचण्यांची चौकशी करणं फुकट आहे.

स्पर्धांची शिडी जिल्हा, राज्य, मग मावळंकर स्पर्धा आणि त्यापुढे राष्ट्रीय अशी चढत जाते. मावळंकर हे नाव लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर यांचं. १९५१ साली स्थापन झालेल्या नॅशनल रायफल असोसिएशनचे ते पहिले अध्यक्ष होते. 'रिनाउन्ड शॉट' दर्जा, आयातीची मुभा, स्वतःची .२२ आणि जमलंच तर एखाद दिवशी ३०० मीटर, हे सगळं या शिडीच्या वरच्या पायऱ्यांवर आहे.

चुलतभावाला शेवटी एवढंच सांगितलं: सोयाबीनचे पैसे सध्या बँकेत राहू द्या. दिवाळीच्या सुट्टीत पोराला पंधरा दिवस पुण्यात माझ्याकडे पाठवा. इथे क्लबची रायफल भाड्याने वापरायला मिळते. पंधराव्या दिवशीही तो सकाळी सहाला आपणहून उठत असेल, तर दस्त्याचं माप घेऊ.

त्यावर पुतण्याचा रात्री मेसेज आला: 'काका, सिलिंडरवरची तारीख नेमकी कुठं असते?'